काचेवरचा थर आणि टाकीतले पाणी

भेस्तानच्या एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या पंधरवड्यात हाती आले. पत्र साधे आहे, परंतु त्यातील प्रश्न साधा नव्हे. हे गृहस्थ मूळचे खानदेशचे. उधना-जळगाव लोहमार्गाने सुरतेस आले व उधना आणि सचिन या स्थानकांच्या मध्ये असलेल्या भेस्तानला त्यांनी बिऱ्हाड केले. पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये तीस वर्षे त्यांनी जेट यंत्रावर काम केले. धाकटा मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्‌सी. झाला आणि मिलच्या प्रयोगशाळेत रंगाची शेड जुळविण्याच्या कामास लागला. आता त्यास ती नोकरी सोडून कोल्हापुरास पुढील शिक्षणासाठी जावयाचे आहे. विषय कोणता, असे विचारले तर तो म्हणतो, ‘काचेवर रसायनाचा थर द्यायचा आणि त्या थराने ऊन शोषून वीज करायची.’

वडील लिहितात : ‘आम्हीही जन्मभर कापडाला रसायनच पाजले. मग यात नवीन ते काय? आणि एवढ्यासाठी लागलेली नोकरी सोडणे शहाणपणाचे आहे काय? आपण समजावून सांगावे.’

बंधो, आपल्या पहिल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. आपल्या गावच्या डाईंग मिलमध्ये, जरीच्या कारखान्यात आणि कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत चालणारी कामे एकाच कुळातील आहेत. ती कशी, ते आधी पाहू. मग चिरंजीवांच्या नोकरीकडे वळू.

आज घरांच्या छपरांवर जी सौरपाटी दिसते ती बहुधा सिलिकॉनची असते. सिलिकॉन हा वाळूपासून काढलेला पदार्थ. तो गुणी खरा, पण ऊन शोषण्याच्या बाबतीत आळशी. म्हणून त्याची चकती सुमारे दीडशे मायक्रॉन जाडीची ठेवावी लागते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. उलट काही संयुगे अशी आहेत की त्यांचा दोन-तीन मायक्रॉनांचा पापुद्राही पडलेले जवळजवळ सारे उपयुक्त ऊन शोषून घेतो. कॅडमियम व टेल्युरियम यांचे संयुग हे त्यांतील एक. तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम या चौघांचे संयुग दुसरे. तांबे, जस्त, कथील व गंधक यांचे तिसरे. यातील चारही पदार्थ स्वस्त आणि विपुल. अँटिमनीचे गंधक-सेलेनियमशी झालेले संयुग चौथे. अशा पापुद्र्यास शास्त्रज्ञ शोषक थर म्हणतात. माल थोडा लागावा व वीज स्वस्त व्हावी, हा या विद्येचा मूळ हेतू.

ही कल्पना काही कालची नव्हे. अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स नावाच्या संशोधकाने १८८३ च्या सुमारास धातूच्या पत्र्यावर सेलेनियमचा पातळ थर दिला आणि त्यावर सोन्याचा अतिशय तलम वर्ख चढविला. उजेड पडताच त्यातून वीज वाहू लागली. पडलेल्या उजेडाचा शंभरावा भागही वीज होऊन बाहेर येत नव्हता, पण पहिला पातळ थराचा सौरघट तो हाच. सोन्याचा वर्ख कसा बसवावा हे सुरतेच्या जरीवाल्याला कोणी शिकवावयास नको!

आता थर देण्याच्या रीती पाहू. मुख्य रीती तीन घराण्यांच्या आहेत आणि तिन्ही घराण्यांचे नातलग आपल्या शहरात आहेत.

पहिले घराणे वाफेचे. आजकाल बाजारात जी प्लॅस्टिक जरी मिळते ती कशी होते, हे आपण पाहिले असेल. एका बंद कोठीतील हवा पंपाने काढून घेतात. आत ॲल्युमिनियम इतके तापवितात की त्याची वाफ होते. वरून पॉलिएस्टरची फिल्म सरकत जाते आणि तिजवर त्या वाफेचा चकचकीत लेप बसतो. मग ती फिल्म रंगवून तिच्या बारीक पट्ट्या कापतात, तीच जरी. शोषक थराची पहिली रीत हीच. तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम ही चार द्रव्ये चार मुशींतून एकाच वेळी वाफाळवून पाचशे अंशांच्या वर तापविलेल्या काचेवर बसवितात. फरक एवढाच की जरीवर केवळ चकाकी पाहिजे, येथे चार द्रव्यांचे प्रमाण अचूक पाहिजे. तांबे किंचित कमी पडले तर चालते, नव्हे, तसेच हवे असते. पण जास्त झाले की घट बिघडतो.

कॅडमियम टेल्युराइड या बाबतीत मोठे समजूतदार आहे. तापविले की त्याचे दोन्ही घटक वाफ होऊन उडतात आणि जरा थंड काचेवर पुन्हा त्याच प्रमाणात एकत्र येऊन बसतात. प्रमाण सांभाळण्याची कटकट त्यामुळे पुष्कळ कमी होते. म्हणूनच पातळ थरांपैकी मोठ्या कारखानदारीत तोच टिकला. अमेरिकेच्या फर्स्ट सोलर कंपनीचा या रीतीचा मोठा कारखाना चेन्नईजवळ जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची वर्षाची क्षमता ३.३ गिगावॉट एवढी आहे. कोरी काच आत जाते आणि काही तासांत तयार सौरपाटी बाहेर येते. ही रीत उत्तम, पण यंत्रे अतिशय महाग. गरीब प्रयोगशाळेला ती परवडावयाची नाही.

दुसरे घराणे मुलाम्याचे. सुरतेची जुनी जरी म्हणजे तार खेचून, चपटी करून, धाग्यावर गुंडाळलेली कलाबत्तू. तिला द्रवात बुडवून विजेच्या प्रवाहाने सोन्याचा मुलामा देतात. याच रीतीने काचेवरील धातूच्या अस्तरावर शोषक थरही बसविता येतो. यंत्र स्वस्त, उष्णता थोडी आणि टाकी मोठी केली की पाटीही मोठी. अडचण एवढी की तांबे थोड्याशा विजेने बसते आणि इंडियमला अधिक जोर लागतो. दोघांना एकाच पंगतीत बसवावयाचे तर सायट्रेटसारखे मध्यस्थ द्रव्य घालून तांब्याचा उतावीळपणा आवरावा लागतो. ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीच्या सौर शाखेने कॅडमियम टेल्युराइडच्या पाट्या या मार्गाने बनविल्या होत्या, परंतु २००२ मध्ये तिने ते काम बंद केले. रीत चांगली असली तरी बाजार तिला पावतोच असे नाही, हेही चिरंजीवांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे घराणे रंगाऱ्याचे, आणि आपले खरे नाते याच्याशी. काच धातूच्या क्षाराच्या व गंधक देणाऱ्या थायोयुरियाच्या द्रावणात बुडवून ठेवावयाची, द्रावण साठ ते ऐंशी अंशांपर्यंत ऊन करावयाचे, आणि थर हळूहळू बसू द्यावयाचा. यास रासायनिक स्नानाची रीत म्हणतात. दोन्ही द्रव्ये एकदम भिडली तर सारा साका तळाशी बसेल आणि काच कोरडी राहील. म्हणून अमोनियासारखे द्रव्य घालून धातूला जणू बांधून ठेवतात. तो थोडा थोडा सुटतो व सावकाश बसतो. आपण जेटमध्ये रंग एकसारखा चढावा म्हणून लेव्हलिंगचे द्रव्य घालत होता, त्याचे कारण दुसरे काय होते? घाई करणारा रंग डाग पाडतो.

या घराण्यातील दुसरी रीत अधिक शिस्तीची. काच प्रथम धातूच्या द्रावणात बुडवावयाची, मग स्वच्छ पाण्यात, मग गंधकाच्या द्रावणात, पुन्हा पाण्यात. एका फेऱ्यात थराची जाडी अगदी थोडी वाढते. असे पन्नास-शंभर फेरे करावे लागतात. फ्रान्समधील निकोलाऊ यांनी ही रीत १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. आपले जुने रंगारी कापडाला आधी तुरटीचे पाणी पाजून मग मंजिष्ठाच्या रंगात घालीत, तसाच हा प्रकार. तिसरी रीत फवाऱ्याची : तीनशे-चारशे अंश तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारला की पाणी उडून जाते व थर राहतो.

आता कोल्हापूर का, ते ध्यानात येईल. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात महाग यंत्रांची वाट न पाहता काचेची चंचुपात्रे, तापमापक आणि चिकाटी यांच्या बळावर या तिसऱ्या घराण्याची विद्या वाढविली गेली. प्रा. चंद्रकांत लोखंडे यांचे नाव या क्षेत्रात जगभर परिचित आहे. राजाराम माने यांच्यासह त्यांनी २००० मध्ये लिहिलेला, रासायनिक रीतीने बसविलेल्या थरांचा आढावा घेणारा निबंध देशोदेशींच्या संशोधकांनी आधारास घेतला आहे. मराठी मुलुखातील प्रयोगशाळांनी साध्या साधनांनी केलेले हे काम आपण अभिमानाने सांगावे असे आहे.

आणि एक मौजेची गोष्ट. चीनमधील संशोधकांनी २०२० मध्ये अँटिमनी, गंधक व सेलेनियम यांचा थर बंद भांड्यात, दाबाखाली, सुमारे एकशे तीस अंशांच्या आसपास पाण्यातूनच बसविला आणि त्या घटाने पडलेल्या उन्हाचा दहावा भाग वीज करून दिला. पॉलिएस्टर रंगविताना आपल्या जेटचा काटा कोणत्या अंशावर असे, ते आपणांस मी सांगावयास नको.

तर मग यात नवीन काय? नवीन आहे ती कसोटी. कापडावर एक ठिपका पडला तर तो लॉट दुय्यम ठरतो आणि थोड्या कमी भावात विकला जातो. शोषक थरात सुईच्या अग्राहून बारीक छिद्र राहिले तर वीज तेथूनच आतल्या आत निसटते आणि सारा घट निकामी होतो. रंग डोळ्यांना एकसारखा दिसला की आपले काम संपे. येथे थराचा प्रत्येक कण नीट वाढला काय, दोन कणांच्या सांध्यात वीज अडकते काय, हे पाहावे लागते. म्हणून बहुतेक रीतींत थर बसविल्यावर त्यास गंधकाच्या, सेलेनियमच्या किंवा दुसऱ्या एखाद्या क्षाराच्या सहवासात पुन्हा भाजतात. कॅडमियम टेल्युराइडला कॅडमियम क्लोराइड लावून सुमारे चारशे अंशांवर भाजल्याखेरीज तो थर नीट कामास येत नाही. थर बसविणे हे अर्धे काम, तो सुधारणे हे उरलेले अर्धे.

इथपर्यंत सारे गोड झाले. परंतु ज्या गोष्टीसाठी हे सदर आज एवढे लांबविले ती अजून सांगावयाची आहे.

रंगाच्या टाकीतला सगळा रंग कापडावर चढत नाही, हे आपण जाणता. रासायनिक स्नानात तर याहून वाईट स्थिती असते. टाकीत घातलेल्या द्रव्याचा फार थोडा भाग काचेवर बसतो. उरलेला साका होऊन तळाशी जातो किंवा पाण्यातच राहतो. संशोधनाच्या निबंधांत काचेवरच्या थराची छायाचित्रे असतात, गुणधर्मांचे आलेख असतात. टाकीत उरलेल्या पाण्याचे छायाचित्र सहसा नसते.

ते पाणी कसले, हे द्रव्यावर अवलंबून आहे. कॅडमियम शरीरात गेले तर मूत्रपिंडात साठते आणि हाडे ठिसूळ करते. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीतून आलेले कॅडमियम पाण्यातून भातात व भातातून माणसांत उतरले. हाडांच्या वेदनांनी विव्हळणाऱ्या रोग्यांच्या तोंडच्या शब्दांवरून त्या रोगास ‘इताइ-इताइ’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. १९६८ मध्ये जपानच्या सरकारने त्याचे कारण मान्य केले. तोवर पुष्कळांचे आयुष्य संपले होते. तांबे-जस्त-कथलाचा थर निरुपद्रवी म्हणावा, तर त्यातून २०१३ मध्ये आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेने १२.६ टक्के वीज मिळविली ती हायड्रॅझिन नावाच्या विषारी व स्फोटक द्रवाच्या साहाय्याने. धातूचे थर सेलेनियमच्या वायूत भाजण्याची जी रीत आहे, तीत वापरला जाणारा हायड्रोजन सेलेनाइड हा वायूही अत्यंत घातक. म्हणजे द्रव्य साधे असले तरी रीत साधी असेलच असे नाही.

याचा अर्थ असा नव्हे की छपरावरची पाटी विषारी म्हणून टाकून द्यावी. कॅडमियम टेल्युराइड हे पाण्यात सहज न विरघळणारे संयुग आहे, दोन काचांच्या मध्ये ते बंद असते, आणि जुन्या पाट्या परत घेऊन त्यातील धातू काढण्याची व्यवस्थाही केली जाते. धोका पाटीत थोडा आणि टाकीत अधिक, एवढेच ध्यानात घ्यावयाचे. विद्युल्लेपनाच्या वा रंगाच्या धंद्यातही हेच आहे : माल निर्मळ असतो, मोरी नसते.

भेस्तानच्या माणसाला हे दूरच्या उदाहरणांनी पटविण्याची गरज नाही. आपल्या पुढचेच स्थानक सचिन. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे तेथील औद्योगिक वसाहतीत एका टँकरने रासायनिक सांडपाणी बेकायदा नाल्यात सोडले. त्यातून विषारी वायू उठला आणि शेजारच्या मिलमध्ये रात्रपाळीस असलेले सहा कामगार प्राणास मुकले. ज्यांनी ते रसायन कधी हातात घेतले नव्हते, ज्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते, ते मेले. कोणत्या तरी टाकीतून काही तरी चांगला माल तयार होऊन बाजारात गेला असेल. उरलेले पाणी कोठे जाणार, हा प्रश्न कोणी तरी दुसऱ्यावर ढकलला होता; तो त्या सहा घरांच्या उंबऱ्यावर जाऊन पडला.

म्हणून, बंधो, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. चिरंजीवांना जाऊ द्यावे. पण डोळे उघडे ठेवून जाऊ द्यावे.

प्रथम व्यवहाराची बाजू. पातळ थराची विद्या शिकला म्हणजे पातळ थराच्या कारखान्यात लगेच जागा मिळेल, अशी आशा धरू नये. सुरतेच्या आसपास सौरपाट्यांचे जे कारखाने निघाले आहेत ते सिलिकॉनचे आहेत. जगातही हा बाजार चंचल आहे. जपानच्या सोलर फ्रंटियर कंपनीने २०१९ मध्ये तांबे-इंडियम घराण्याच्या घटातून २३.३५ टक्क्यांचा विक्रम केला आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ते उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. सिलिकॉन इतके स्वस्त झाले होते. परंतु थर देण्याची विद्या एकाच धंद्यास बांधलेली नाही. सिलिकॉनच्या घटावर जो निळा रंग दिसतो तो देखील सिलिकॉन नायट्राइडच्या एका अतिशय तलम थराचा. वायू ओळखणारे संवेदक, वीज साठविणारी साधने, चष्म्याच्या काचांवरील लेप, सगळीकडे हीच विद्या लागते. द्रावणाची आम्लता, उष्णता व वेळ यांवर ज्याचा हात बसला आहे, त्याने मिलच्या प्रयोगशाळेत घालविलेली वर्षे फुकट गेली असे समजू नये. तो तेथे इतर मुलांच्या एक पाऊल पुढेच असेल.

दुसरी बाजू याहून मोलाची. तो ज्या प्रयोगशाळेत जाईल तेथे त्याने पहिल्याच दिवशी तीन प्रश्न नम्रपणे विचारावे. या थरात कोणती द्रव्ये आहेत? टाकीत घातलेल्या द्रव्यांपैकी काचेवर किती बसते? आणि उरलेले कोठे जाते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळेच देतील. दुसऱ्याचे काही जण देतील. तिसऱ्याचे उत्तर जेथे वहीत लिहिलेले सापडेल, उरलेले द्रावण निराळ्या बाटलीत भरून, चिठ्ठी लावून, धातू वेगळा काढण्यासाठी ठेवलेले दिसेल, ती प्रयोगशाळा उत्तम समजावी. मग तिची यंत्रे जुनी का असेनात. जेथे ते मोरीत जाते, तेथे त्याने ते थांबविण्याचे काम आपणहून अंगावर घ्यावे. कमी द्रव्यात अधिक थर बसविणे, तीच टाकी पुन्हा पुन्हा वापरणे, कॅडमियमच्या जागी निरुपद्रवी द्रव्य शोधणे, हेही संशोधनच आहे. आणि माझ्या मते आज सर्वांत निकडीचे संशोधन हेच आहे. ज्याचे बालपण खाडीच्या रंगीत पाण्याशेजारी गेले आहे, त्याच्याइतकी त्याची निकड दुसऱ्या कोणास कळणार?

आपण त्यास आणखी एक गोष्ट द्यावी. तीस वर्षे आपण जेटवर उभे होता. कोणत्या क्षणी रंग बिघडू लागतो, कोणत्या वासाने मनुष्याने बाजूस व्हावे, कोणते पाणी कोणत्या मोरीत सोडू नये, हे आपल्या हातांना ठाऊक आहे. ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. तो जावयास निघण्यापूर्वी एका संध्याकाळी त्यास जवळ बसवून आपण हे सारे त्यास सांगावे, व त्याने ते वहीत उतरून घ्यावे. कोल्हापुरास गेल्यावर त्याच्या पहिल्या टाकीपाशी ती वही त्याच्या उपयोगी पडेल.

आणि पुढे कधी त्याने काचेवर पहिला स्वच्छ, एकसारखा थर बसवून त्याचे छायाचित्र आपणांस पाठविले, तर कौतुक अवश्य करावे. पण कौतुकाच्या पत्रात एक ओळ विसरू नये : ‘बाळ, टाकीतल्या पाण्याचे काय केलेस, तेही कळव.’